शटरचा जुना टीव्ही घ्यायचाय? आधी बेअर्ड यांची गोष्ट वाचा

बेळगाव : जुन्या घराची वाटणी झाली, माळा रिकामा करायला घेतला, की पितळी भांड्यांच्या मागून हमखास एक जड लाकडी खोकं निघतं. पुढं सरकणारं शटर, बाजूला चॅनल बदलायचा कटकट वाजणारा खटका, मागं भोकं पाडलेला पुठ्ठा. भंगारवाला त्याचे किलोवर पैसे सांगतो. एखादा हौशी माणूस आला तर चार पैसे जास्त देतो. घरातल्या मोठ्यांना मात्र त्या खोक्यासमोर सिनेमा पाहायला बसलेली अख्खी गल्ली आठवते. मग प्रश्न पडतो, विकायचा, तसाच ठेवायचा, की पैसे घालून चालू करायचा? आणि असा सेट विकत घेणाऱ्यापुढंही तोच प्रश्न असतो. घेतला आणि चालू झालाच नाही तर? चालू झाला तरी त्यावर पाहायचं काय?

हे दोन्ही प्रश्न नवे नाहीत. हलतं चित्र दुरून दाखवणारं यंत्र लोकांसमोर सर्वांत आधी चालवून दाखवणारे जॉन लोगी बेअर्ड यांचं सगळं आयुष्य या प्रश्नांभोवतीच फिरलं. टाकाऊ सामानातून यंत्र उभं करणं त्यांना जमलं. पण ज्या प्रक्षेपणावर ते यंत्र चालायचं, तेच बंद झाल्यावर काय होतं, हेही त्यांनी आणि त्यांच्या गिऱ्हाइकांनी भोगलं. म्हणून जुन्या टीव्हीचा सौदा करण्याआधी या माणसाचा हिशेब एकदा पाहावा.

पाद्र्यांचं घर, पोराचे उद्योग

बेअर्ड यांचा जन्म १३ ऑगस्ट १८८८ रोजी स्कॉटलंडमधल्या हेलन्सबर्ग या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील चर्चचे पाद्री. चार भावंडांत हे सगळ्यांत धाकटे. तब्येत लहानपणापासून नाजूक. सर्दी-खोकला पाचवीला पुजलेला, तो शेवटपर्यंत सुटला नाही.

पण डोकं स्वस्थ बसणारं नव्हतं. शाळकरी वयातच त्यांनी आपल्या घरातून समोरच्या मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून स्वतःचं टेलिफोन एक्स्चेंज सुरू केलं. रस्त्यावर आडवी आलेली एक तार वादळात खाली लोंबकळली, ती एका घोडागाडीवाल्याला अडकली आणि एक्स्चेंज बंद पडलं. त्यानंतर घरात विजेचे दिवे लावायचा खटाटोप झाला.

पुढं ग्लासगोच्या तांत्रिक महाविद्यालयात शिक्षण झालं. त्यानंतर ग्लासगो विद्यापीठात नाव घातलं, पण पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि पदवी राहिली ती राहिलीच. सैन्यात भरती व्हायला गेले, तर तब्येतीमुळं नापास केलं. मग क्लाइड व्हॅली वीज कंपनीत नोकरी धरली. तिथं कोळशापासून कृत्रिम हिरा करायचा म्हणून त्यांनी कंपनीच्याच विजेवर प्रयोग केला आणि वीजपुरवठा खंडित झाला. वरिष्ठ खूश झाले नसणार, हे सांगायला नको.

मोजे, जॅम आणि साबण

नोकरीत मन रमेना म्हणून धंद्यात उतरले. स्वतःचे पाय कायम गार पडायचे, त्यावर उपाय म्हणून बुटाच्या आत घालायचे खास मोजे काढले आणि स्वतःच्या नावानं विकले. हा माल चांगला खपला, हातात पैसाही आला. मग कुणीतरी सुचवलं म्हणून वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला गेले. तिथं फळं आणि साखर मुबलक, म्हणून जॅमचा कारखाना टाकला. जॅम शिजायला लागला की जंगलातले किडे थव्यानं कढईत येऊन पडायचे. त्यात आजारपण. कारखाना गुंडाळून इंग्लंडला परत आले. नंतर साबणाचा धंदा केला. तो बरा चालला होता, पण तब्येतीनं पुन्हा दगा दिला आणि तोही हिस्सा विकावा लागला.

१९२३ साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी बेअर्ड हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावात हवापालटासाठी येऊन राहिले. नोकरी नाही, धंदा नाही, शिल्लक पातळ. तिथं आधी न गंजणारा काचेचा वस्तरा करून पाहिला, त्यानं गाल कापला. हवा भरलेले बूट करून पाहिले, ते चालता चालता फुटले. मग दुरून चित्र पाठवायच्या जुन्या कल्पनेकडं ते वळले.

चहाचं खोकं आणि सायकलचे दिवे

कल्पना अगदी नवी नव्हती. पॉल निप्को या जर्मन तरुणानं १८८४ साली एका चकतीचं पेटंट घेतलं होतं. चकतीवर गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाणारी भोकं. चकती फिरली की प्रत्येक भोक समोरच्या दृश्याची एकेक पट्टी टिपतं. त्या पट्टीतला उजेड-अंधार प्रकाशाला दाद देणाऱ्या घटावर पडतो आणि विजेच्या कमी-जास्त प्रवाहात बदलतो. दुसऱ्या टोकाला तोच प्रवाह एक दिवा कमी-जास्त पेटवतो. त्या दिव्यापुढं तशीच चकती त्याच वेगानं फिरली, की डोळ्याला पुन्हा चित्र दिसतं. कागदावर सगळं बरोबर होतं, पण प्रत्यक्षात कुणालाच नीट जमलं नव्हतं. घटातून येणारा प्रवाह इतका क्षीण असायचा की पुढं नेईपर्यंत त्यातलं काही उरत नसे.

बेअर्ड यांनी पहिलं यंत्र जोडलं ते घरातल्या आणि बाजारातल्या सटरफटर सामानातून. बूड म्हणून चहाचं लाकडी खोकं, टोपीच्या पुठ्ठ्याच्या डब्यातून कापलेली चकती, बिस्किटाचा डबा, रफू करायच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगं. जोडायला लाख, सरस आणि दोरा. १९२४ साली या खटाल्यातून काही फुटांवर एका क्रुसाच्या आकृतीची सावली उमटली.

त्याच वर्षी उन्हाळ्यात त्यांना सुमारे हजार व्होल्टचा झटका बसला. हात भाजला, जीव थोडक्यात वाचला. जागामालकानं गाळा खाली करायला सांगितलं.

जुना टीव्ही उघडणाऱ्यानं ही घटना पक्की ध्यानात ठेवावी. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत आत दहा हजार व्होल्टच्या वरचा दाब असतो आणि स्वीच बंद केल्यावरही ट्यूबमध्ये तो काही काळ टिकून राहतो. माहितगार माणूस शेजारी नसेल तर आत हात घालू नये.

सोहोमधली माडी

हेस्टिंग्ज सोडून बेअर्ड लंडनला सोहो भागात फ्रिथ स्ट्रीटवरच्या २२ नंबरच्या इमारतीत माडीवर आले. पैशाची ओढाताण तर इतकी, की १९२५ च्या वसंतात सेल्फ्रिजच्या मोठ्या दुकानात त्यांनी गिऱ्हाइकांना गोळा करायला आपलं यंत्र तीन आठवडे चालवून दाखवलं. लोक रांग लावून पाहून जायचे. दिसायच्या त्या फक्त ठळक आकृती. माणसाचा चेहरा अजून येत नव्हता.

चेहऱ्यासाठी प्रखर दिवे लागायचे. त्या उष्णतेपुढं कोण बसणार? म्हणून त्यांनी बोलक्या बाहुल्याचं एक डोकं आणलं, त्याला नाव पडलं स्टुकी बिल. २ ऑक्टोबर १९२५ रोजी या बाहुल्याचा चेहरा नाका-डोळ्यांसह, उजेड-सावलीच्या छटांसह पडद्यावर आला. बेअर्ड जिना उतरून धावले आणि खालच्या कचेरीतल्या विल्यम टेंटन या पोऱ्याला वर घेऊन आले. त्याला दिव्यांपुढं बसवून ते दुसऱ्या खोलीत पाहायला गेले, तर पडदा कोरा! उष्णतेला घाबरून पोरगं मागं सरकलं होतं. त्याच्या हातावर अर्धा क्राउन, म्हणजे अडीच शिलिंग ठेवल्यावर ते जागेवर बसलं. टीव्हीवर दिसलेला तो पहिला माणूस, आणि टीव्हीवर दिसण्याचा मोबदला घेणाराही बहुधा पहिलाच.

२६ जानेवारी १९२६ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनचे सुमारे ४० सदस्य त्या अरुंद जिन्यावरून थोडे थोडे करून वर आले आणि त्यांनी हे चित्र पाहिलं. टेलिव्हिजनचा जाहीर जन्म या तारखेला धरतात. आपल्याकडं २६ जानेवारीची संचलनं घरबसल्या टीव्हीवर पाहिली जातात, तो हा दिवस असा योगायोगानं एकच.

पुढची दोन-तीन वर्षं धडाक्याची गेली. १९२७ साली लंडनहून ग्लासगोपर्यंत ४३८ मैल टेलिफोनच्या तारेवरून चित्र गेलं. फेब्रुवारी १९२८ मध्ये ते अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कजवळ पोहोचलं. त्याच वर्षी जुलैमध्ये रंगीत चित्र दाखवून झालं. भारतात सर्वदूर रंगीत टीव्ही आला १९८२ साली. यावरून बेअर्ड यांचा पल्ला लक्षात यावा.

पहिला घरगुती सेट, पहिला तोटा

३० सप्टेंबर १९२९ पासून बीबीसीच्या प्रक्षेपकावरून बेअर्ड यांचं चित्र जाऊ लागलं. सुरुवातीला प्रक्षेपक एकच, त्यामुळं आधी चित्र आणि मग आवाज, असं आलटून पालटून चालायचं. मार्च १९३० पासून दोन्ही एकदम येऊ लागलं.

१९३० मध्येच बेअर्ड यांचा ‘टेलिव्हायझर’ बाजारात आला. घरी न्यायचा जगातल्या पहिल्या टीव्हींपैकी हा एक. ॲल्युमिनियमची पेटी, आत सुमारे २० इंच व्यासाची चकती, चकतीवर ३० भोकं, मागं लालसर-नारिंगी उजेडाचा निऑन दिवा. चित्र सेकंदाला साडेबारा वेळा उमटायचं, आकारानं मोठ्या टपाल तिकिटापेक्षा फार मोठं नाही, ते भिंगातून पाहायचं. किंमत २६ पौंड ५ शिलिंग. त्या काळी साध्या कामगाराची ती कित्येक आठवड्यांची मजुरी झाली. असे सुमारे हजारभर सेट तयार झाले. ज्यांना तेवढा पैसा झेपत नव्हता, ते सुटे भाग आणून घरीच जोडायचे.

१९३१ साली एप्सम इथल्या डर्बी घोडशर्यतीचं थेट चित्र बेअर्ड यांनी दाखवलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट आल्बू या पियानोवादक तरुणीशी त्यांचं लग्न झालं.

सगळं सुरळीत दिसत होतं, पण जमिनीखालून पाणी वाहत होतं. फिरत्या चकतीला मर्यादा होती. रेषा वाढवायच्या तर भोकं वाढवायची, भोकं वाढवली की ती बारीक करावी लागणार, बारीक केली की उजेड कमी. दुसरीकडं इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या ट्यूबमध्ये वळवून चित्र काढण्याचं तंत्र अमेरिकेत फिलो फार्न्सवर्थ आणि व्लादिमीर झ्वोरिकिन यांनी पुढं नेलं होतं. इंग्लंडमध्ये मार्कोनी-ईएमआय या कंपनीनं तोच रस्ता धरला.

सप्टेंबर १९३५ मध्ये बीबीसीनं ३० रेषांचं प्रक्षेपण बंद केलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी टेलिव्हायझर बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या घरात यंत्र धडधाकट होतं, दिवा पेटत होता, चकती फिरत होती आणि चित्र मात्र येत नव्हतं. पाच वर्षांपूर्वीची खरेदी शोभेची वस्तू झाली.

आठवड्याआड सामना

२ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची नवी सेवा सुरू झाली. बेअर्ड यांची २४० रेषांची पद्धत आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची पद्धत आठवड्याआड चालवायची, आणि त्यातून एक निवडायची असं ठरलं. बेअर्ड यांच्या बाजूला स्टुडिओतला कॅमेरा आधी फिल्मवर चित्र घ्यायचा, ती फिल्म जागच्या जागी मिनिटभरात धुतली जायची आणि ओली असतानाच तिच्यावरून प्रक्षेपण व्हायचं. पाणी, नळ्या, रसायनं यांच्यामुळं कॅमेरा जागचा हलवता येत नसे. समोरच्यांचा कॅमेरा चाकावर फिरत होता.

३० नोव्हेंबरला क्रिस्टल पॅलेसला आग लागली. बेअर्ड कंपनीच्या प्रयोगशाळा तिथं होत्या. बरंच सामान जळून गेलं. फेब्रुवारी १९३७ मध्ये निकाल लागला. ४०५ रेषांची पद्धत राहिली, बेअर्ड यांची गेली.

तोपर्यंत कंपनीचा ताबाही त्यांच्या हातात उरला नव्हता. भांडवल आलं तसे भागधारक आले, आणि ज्यांच्या नावावर कंपनी चालत होती त्यांचंच म्हणणं बैठकीत चालेनासं झालं. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच बीबीसीनं टीव्ही बंद केला आणि कंपनी बुडाली.

या ठिकाणी एखाद्यानं हात टेकले असते. बेअर्ड यांनी चकतीचा हट्ट सोडला आणि घराजवळच्या प्रयोगशाळेत, स्वतःच्या शिलकीतून, इलेक्ट्रॉनिक रंगीत टीव्हीवर काम सुरू केलं. बाहेर बॉम्ब पडत असताना ते चालू होतं. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी ‘टेलिक्रोम’ ही रंगीत पिक्चर ट्यूब पत्रकारांना दाखवली. युद्धानंतर सगळीकडं असंच रंगीत तंत्र आणावं असा त्यांचा आग्रह होता. तो कुणी मनावर घेतला नाही.

७ जून १९४६ रोजी बीबीसीचा टीव्ही पुन्हा सुरू झाला. त्यानंतर आठवड्यानं, १४ जूनला, बेक्सहिल इथं बेअर्ड यांचं निधन झालं. वय अवघं ५७. हेलन्सबर्गलाच त्यांचं दफन झालं.

न चाललेल्या तबकड्या

त्यांच्या आयुष्यातला एक तुकडा मात्र मृत्यूनंतर पूर्ण झाला. १९२७-२८ मध्ये बेअर्ड यांनी चित्राचा सिग्नल ग्रामोफोनच्या तबकडीवर ध्वनीसारखा नोंदवून पाहिला होता. त्याला नाव दिलं फोनोव्हिजन. नोंद झाली, पण तबकडीवरून चित्र नीट परत मिळेना, म्हणून तो नाद सोडला. काही तबकड्या इकडं तिकडं राहिल्या. बाजारभाव पाहिला असता तर त्या कधीच कचऱ्यात गेल्या असत्या. १९८० च्या दशकात डोनाल्ड मॅक्लीन या अभियंत्यानं कॉम्प्युटरच्या मदतीनं त्यांतले दोष काढले, तेव्हा पन्नासहून जास्त वर्षांनी तो स्टुकी बिल पुन्हा हलताना दिसला. कुणीतरी त्या तबकड्या घासूनपुसून नव्या केल्या नाहीत, वितळवल्या नाहीत, नुसत्या जपल्या, म्हणून हे जमलं.

आता आपल्या माळ्यावरचं खोकं

आपल्या भागातल्या जुन्या सेटची वंशावळ फार लांबची नाही. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला टीव्ही सुरू झाला. हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीचे ईसी टीव्ही तेव्हा घराघरांत गेले. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून कर्नाटक, आंध्र, मध्य प्रदेशासह सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत कार्यक्रम दाखवले गेले, त्यासाठीचे सेटही तिथूनच आले होते.

असा सेट घ्यायचा की नाही, हे ठरवताना पहिली चौकशी पिक्चर ट्यूबची करावी. लाकूड पॉलिश होतं, खटके मिळतात, वाळलेले कपॅसिटर बदलता येतात, पण ट्यूबची मान तुटली असेल किंवा हवा शिरली असेल तर दुसरी ट्यूब मिळणं कठीण. दुसरी चौकशी आतल्या मोठ्या दाबाच्या ट्रान्सफॉर्मरची. तो जळाला असेल तर तसाच दुसरा शोधण्यात वर्ष जाऊ शकतं. तिसरी गोष्ट, वीस-तीस वर्षं बंद असलेला सेट थेट प्लगला लावू नये. विकणाऱ्यानं लावून दाखवतो म्हटलं तरी थांबवावं. जुने कपॅसिटर एका झटक्यात फुटतात आणि जाताना ट्रान्सफॉर्मर घेऊन जातात. जाणता मेकॅनिक आधी सिरीजच्या बल्बवर तपासतो.

चौथी गोष्ट १९३५ च्या त्या टेलिव्हायझरवाल्यांची. दूरदर्शनचं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण आता जवळपास सगळीकडं बंद झालंय. गच्चीवर अँटेना उभी केली तरी मुंग्याच दिसणार. चित्र आणायचं तर सिग्नल जुन्या चॅनलमध्ये बदलून देणारा मॉड्युलेटर मध्ये जोडावा लागेल. इंग्लंडमधले हौशी लोक आजही बेअर्ड यांच्या ३० रेषांच्या यंत्रांना असाच सिग्नल घरी तयार करून पुरवतात. तेव्हा मार्ग आहे, पण खर्चाच्या वहीत ही ओळ आधीच धरलेली बरी.

हे सगळं जुळत असेल आणि किंमत भंगाराच्या आसपास असेल, तर सेट जरूर घ्यावा. पुन्हा विकून नफा होईल या हिशेबानं घेऊ नये, त्यात बहुतेकांचे पैसे अडकतात. ट्यूब गेलेली असेल तर चालू करायचा हट्ट नको, पण आतलं सामान उपसून त्याचं कपाट किंवा माशांची पेटीही करू नये. काढलेला प्रत्येक सुटा भाग डबीत घालून, चिठ्ठी लावून आतच ठेवावा. उद्या कुणाला तो जुळवता येईल, हे आज सांगता येत नाही.

तोवर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा शटर सरकवून पाहावं. मागच्या पुठ्ठ्यावर कंपनीचं नाव आणि नंबर असतो, तो पुसून वाचावा. प्लग मात्र लावू नये.